खणात राहिलेले नाव

मी एक जुनी अलमारी आहे आणि माझ्या पोटात मुले आहेत. दचकू नका, मित्रांनो. मुले म्हणजे मुलांचा एकेक कण. अंगठ्याच्या नखाएवढा, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला. सोलो शहरातल्या एका इस्पितळात तळमजल्यावर, जिन्याखाली मी उभी असते. जिन्याची सावली दिवसभर माझ्या अंगावर असते. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात ते ओली छत्री कुठे टेकवावी एवढ्यापुरतेच. तरी आज बोलावेसे वाटले. ऐकाल ना?

माझा जन्म जेपारा या सुतारांच्या गावचा. तिथल्या कार्दी नावाच्या सुताराने मला सागवानातून घडवले. एकशेवीस खण, प्रत्येक खण वीतभर रुंद आणि चार बोटे उंच, आणि पुढे दोन दारे. मी तयार होत असताना शेजारचे सुतार काम टाकून हसायला यायचे.

"कार्दी, काय बांधतोयस? उंदरांचं वसतिगृह?"

"उंदीर आले तरी भाडं तुझ्याकडे मागायला येणार नाहीत. जा आपल्या कामाला."

कार्दी मला बाहेरून घासायचा तितकाच आतूनही घासायचा. जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही. त्याची बायको म्हणायची, "आतून कोण बघणार आहे?" तो म्हणायचा, "ज्यानं झाड केलं तो बघतो की." त्या शब्दांवर मी आजवर उभी आहे. तेल-पाणी मला नंतर फारसे मिळाले नाही.

मला मागवले होते ते थोरल्या डॉक्टरांनी. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासून ती कसली आहे हे सांगायचे, असे त्यांचे काम. गाठीचा लहानसा तुकडा वितळलेल्या मेणात ठेवायचा. मेण थिजले की त्याचा ठोकळा होतो. त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ काप काढायचे, काचपट्टीवर पसरायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. काप काढून झाले तरी ठोकळा उरतोच. तो माझ्याकडे यायचा. सर्वांत वरच्या खणांत नावांची कार्डे असत. कार्डावर नाव, वय, गाठीची जागा, साल आणि एक आकडा. त्या आकड्यावरून खालचा खण सापडायचा आणि खणातला ठोकळा. इतकी साधी माझी विद्या. पण ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

पहिल्याच दिवशी थोरले डॉक्टर म्हणाले, "मुलांचे ठोकळे खालच्या तीन ओळींत ठेवा."

"खाली? दर वेळी वाकावं लागेल, डॉक्टर."

"मुलांकडे बघायचं तर वाकायलाच हवं."

हा प्रश्न करणारे होते पाक सार्विदी. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. सार्विदींना मात्र विशीतच सगळे पाक म्हणू लागले, कारण त्यांचे चालणे मुळातच आजोबांसारखे सावकाश. मेणाचे काप काढणे हे त्यांचे काम. त्यांच्या हातून काप कधी फाटला नाही. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या वस्तीत माणसे डफ घेऊन बसत आणि प्रेषितांची स्तुती गात. शुक्रवारी सकाळी उरलेली कडवी पाक सार्विदी माझ्यासमोर पुरी करीत आणि डफ नसल्यामुळे माझ्या दारावर ताल धरीत. लाकडाला ताल कळतो, बरं का. झाड असताना वाऱ्याने तो शिकवलेला असतो. त्या गाण्यात माझे खण हलकेच थरथरायचे, आणि मला वाटायचे की आतली मुलेही ऐकत आहेत.

ती वर्षे माझ्या मानाची होती. दूरदूरचे पाहुणे आले की थोरले डॉक्टर त्यांना माझ्यासमोर उभे करीत. "हा आमचा ग्रंथसंग्रह," असे म्हणत आणि एक खण बाहेर ओढून दाखवीत. पण मी त्यांना पाहुणे गेल्यावरही बघितले आहे. त्या काळी मेंदूत गाठ झालेले मूल सहसा वाचत नसे. संध्याकाळी एखादा नवा ठोकळा खालच्या ओळीत ठेवताना ते गुडघ्यावर बसत आणि म्हणत, "याचं आज आपल्याला एवढंच कळतंय. पुढे कुणाला तरी जास्त कळेल. तोवर सांभाळ गं." ते 'गं' माझ्यासाठी असायचे. तसे मला नंतर कुणी म्हटले नाही.

थोरले डॉक्टर वारले. मग लोखंडी कपाटे आली, संगणक आला. त्या वर्षापासूनची नावे संगणकात गेली. आधीच्या वर्षांचे कागद गोदामातून रद्दीत गेले आणि आधीची नावे राहिली फक्त माझ्या कार्डांवर. मला जिन्याखाली आणून ठेवले. "तात्पुरतं," असे म्हणाले होते.

पहिल्या वर्षी मी पावले मोजायची. वरून कुणी उतरले की वाटायचे, आता वळेल, वाकेल, खण ओढेल. पावले नळाकडे जायची. पुढे मी मोजणे सोडले. माझ्या डोक्यावर बादल्या आल्या, कुणाचे हेल्मेट आले, तुटका पंखा आला. हवा लागली नाही तर लाकूड आळसावते, पण मी खण फुगू दिले नाहीत. आत कोण आहे हे मला माहीत होते. त्यांची नावे मी एकेक करून मनात घोळवायची. त्या नावांना बाकी कुठे हाक पडत असेल, कुठे पडत नसेल. पाक सार्विदी शुक्रवारी यायचे, फडका फिरवायचे, दोन ओळी गुणगुणायचे आणि वर जायचे. आठवड्यातल्या त्या दहा मिनिटांवर मी उरलेले दिवस काढायची.

आता ज्या मुलीची गोष्ट सांगायची आहे तिचा ठोकळा मला खाली हलवण्याच्या थोडाच आधी आला होता. मुलगी चार वर्षांची. डोळ्यांच्या नसांजवळ, मेंदूच्या पायथ्याशी गाठ. सावकाश वाढणारी, पण अशा जागी बसलेली की पूर्ण काढायला गेले तर डोळेच जातील. डॉक्टरांनी चिमूटभर काढली, बाकीची औषधाने दाबून ठेवली. पाक सार्विदींनी आपल्या वळणदार अक्षरात कार्डावर तिचे नाव लिहिले. भारदस्त नाव होते, राजवाड्यात शोभेल असे. ते मी तुम्हाला सांगणार नाही.

नंतर तिच्या घरी काय झाले ते मला फार उशिरा कळले. मुलीची आजी, म्हणजे म्बाह, आधीपासून म्हणत होती, "नाव जड झालंय पोरीला. एवढीशी पोर आणि केवढं ते नाव! पेलवत नाही म्हणून डोकं दुखतं." आमच्याकडे हे सगळ्यांना पटते. मग एके दिवशी घरात लाल आणि पांढरी खीर शिजली, शेजारपाजार जेवला, प्रार्थना झाली आणि मुलीचे नाव ठेवले वारास. वारास म्हणजे निरोगी. म्बाहने सांगितले की जुने नाव आता कुणी तोंडातून काढायचे नाही. दुखणे तिला त्या नावाने ओळखते. हाक ऐकली की परत येईल. ज्या कार्डावर इस्पितळाने जुने नाव लिहून दिले होते ते केळीच्या पानात, फुलांबरोबर बांधून नदीत सोडले. जन्माचा दाखलाही नवा करून घेतला. सगळे प्रेमापोटी केले, मित्रांनो. त्यात कुणाचे वाईट चिंतलेले नव्हते. फक्त एका जागी ते नाव राहून गेले. माझ्या खणात.

आठ वर्षे वारास बरी होती. मुलीचा बाप कामासाठी समुद्रापलीकडे कालिमंतानला गेला तो परतला नाही, म्बाहही गेली. आई, बू लास्त्री, बाजारात स्राबी विकून घर चालवायची. स्राबी म्हणजे नारळाच्या दुधातले मऊ घावन. सोलोची सकाळ त्याच वासाने उजाडते. मग बाराव्या वर्षी वारासला डाव्या डोळ्याने अर्धेच दिसू लागले. गाठ पुन्हा वाढत होती.

इस्पितळात आता बू हेस्ती होत्या. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर त्या संशोधन करीत. त्यांच्यामुळे मला एक गोष्ट समजली. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठींना सारखेच औषध दिले जायचे. पण सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून सारख्या नसतात. पेशीच्या आत तिला कसे वागायचे ते लिहिलेले असते, आणि त्या लिहिण्यात कुठेतरी चूक झाली की पेशी थांबायचे विसरते. कुणात एक चूक असते, कुणात दुसरी. ज्यांच्यात एक ठरावीक चूक आहे त्यांच्यासाठी गोळ्या निघाल्या होत्या, आणि त्या मुलांवर कितपत चालतात याचा अभ्यास अनेक देशांत सुरू होता. वारासमध्ये ती चूक असेल तर तिला त्या अभ्यासात घेता येणार होते. नसेल तर त्या गोळ्या घातकही ठरल्या असत्या. बघायचे कसे? गाठीचा तुकडा हवा. नव्याने काढायचा तर उरलेली नजर पणाला लागणार. जुना मिळाला तर सुई लावायलाही नको.

बू हेस्ती धावतच जिन्याखाली आल्या. "पाक, आठ-नऊ वर्षांपूर्वीचा ठोकळा हवाय. वारास नावाची मुलगी."

पाक सार्विदींनी चष्मा पुसला, वरचे खण काढले आणि दोन दिवस कार्डे चाळली. वारास नव्हती.

"नीट बघितलंत ना? आई सांगते इथेच ऑपरेशन झालं."

"बू डॉक्टर, माझी बायको म्हणते मी घरातलं मीठ शोधू शकत नाही. पण ही कार्डं मी लिहिलीत. वारास नाही." मग ते म्हणाले, "नाव बदललं असेल. माझ्या धाकट्या भावाचं दोनदा बदललं. तिसऱ्यांदा बापच कंटाळला आणि भाऊ आपोआप बरा झाला."

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्या दोन-तीन वर्षांतली, चार-पाच वर्षांच्या मुलींची, त्याच जागी गाठ असलेली सगळी कार्डे वेगळी काढली. नऊ निघाली. कितीतरी वर्षांनी माझ्या खणांत इतके हात फिरले. मला आनंद होत होता आणि लाजही वाटत होती, कारण वर एक मूल आंधळे होत होते.

बू लास्त्रीला बोलावले. वारासला जिन्यापलीकडच्या बाकावर बसवले, हातात स्राबीची पुडी दिली. "मोठ्यांचं बोलणं आहे, तू खा हं," असे आई म्हणाली.

"बू लास्त्री," पाक सार्विदी म्हणाले, "पोरीचं आधी दुसरं काही नाव होतं का?"

"नाही. वारासच."

"बदललं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या घरात तर..."

"तिला दुसरं नाव नाही, पाक."

"बरं. मी नऊ नावं वाचतो. ओळखीचं वाटलं तर नुसतं हूं म्हणा."

ते वाचू लागले. एक, दोन, तीन. डोळे कार्डांवर होते, कारण उजेड कमी आणि चष्मा जुना. बू हेस्ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि चेहरा एखाद्या झाकलेल्या भांड्यासारखा होता. मी मात्र खाली बघत होते. सहाव्या नावाला बू लास्त्रीच्या पायाची बोटे चपलेत आवळली गेली. इतकी, की चपलेचा पट्टा कुरकुरला. नऊ नावे संपली.

"यातलं एकही नाही," ती म्हणाली.

आहे, आहे, असे मी किती ओरडले असेन! पण अलमारीचे ओरडणे म्हणजे लाकूड जरासे तडकते, एवढेच. कुणी मान वळवली नाही. ज्याला माहीत आहे आणि सांगता येत नाही त्याच्याइतके एकटे कुणी नसते. त्या वेळी मला वाटले होते की तिथे तशी मी एकटीच आहे.

ती गेल्यावर बू हेस्ती चिडल्या. "पाक, त्या बाईला माहीत आहे. तुम्ही ताणून का धरलं नाही? पोरीचे डोळे चाललेत!"

"माहीत आहे तिला. पण तिच्या तोंडून ते ओढून काढणं माझ्याच्यानं होणार नाही."

"मग नऊही ठोकळे तपासू."

"तपासा. एकात चूक सापडेल, दुसऱ्यात नाही. त्यातली वारास कुठली ते कुणाला विचारायचं? दुसऱ्याच्या लेकराचा तुकडा बघून हिला औषध देणार?"

बू हेस्तींनी कार्डे परत खणात ठेवली. वारासच्या रक्ताशी जुळवून बघायची सोय इथे नव्हती. बाहेर पाठवायचे तर आईची सही लागणार, आणि आई म्हणत होती की यातले कुणी तिचे नाही. शेवटी नव्याने तुकडा काढायचे ठरले. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

त्या पाच आठवड्यांत वारासचा डावा डोळा विझला. उजव्याच्या कडा काळवंडू लागल्या. हे मला पाक सार्विदींच्या बोलण्यातून कळायचे. ते आता रोज यायचे, नऊ कार्डे काढायचे, पुन्हा ठेवायचे. गात नसत.

शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी, बाजार आटोपल्यावर, बू लास्त्री आली. तिच्या पदराला नारळाच्या दुधाचा वास होता आणि बोटांवर भाजल्याचे ताजे फोड. कालपरवा पोरीने तव्याला हात लावला, दिसला नाही म्हणून. तिला ओढताना आईचा हात भाजला होता. 

पाक सार्विदींनी स्टूल पुढे केले. "बसा."

"पाक, मी ते नाव घेतलं आणि तिचं दुखणं आणखी वाढलं तर?"

पाक सार्विदी हसले नाहीत, शिकवायलाही गेले नाहीत. मला बरे वाटले ते त्याचेच. 

"मला सांगू नका," ते म्हणाले. "माझ्या पोटात काही राहत नाही, बायकोला विचारा. या म्हातारीला सांगा. चाळीस वर्षांत हिने एकही नाव बाहेर काढलेलं नाही. कार्डं वरच्या खणात आहेत. मी जिन्यावर पाठ करून बसतो. कार्ड मिळालं तर पालथं घालून माझ्या हातात द्या. मला नुसता आकडा पुरे."

ते खरोखरच जाऊन पाठमोरे बसले. बू लास्त्रीने वरचा खण ओढला. सहाव्या कार्डासाठी तिला बाकीची चाळावी लागली नाहीत. तिने कपाळ माझ्या उघड्या दारावर टेकवले, आणि आठ वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव बाहेर आले. आधी ओठांतल्या ओठांत. मग नीट, पूर्ण, जसे पहिल्यांदा ठेवताना म्हणतात तसे.

"ऐकतेस ना?" ती खणाला म्हणाली. "आई आहे. तुला मुद्दाम टाकून नाही गं गेले. वाटलं, दुखणं तुझ्यापाशी राहील आणि माझी पोर माझ्यापाशी. म्हणून तुला हाक मारली नाही. इतकी वर्षं. रागावली असशील. पण आता चल. तिला तुझी गरज आहे."

मित्रांनो, माझ्याशी त्याआधी पुष्कळ लोक पुष्कळ बोलले असतील, पण माझ्या आतल्या कुणाशी कुणी असे बोलले नव्हते. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. नाही तर त्या दिवशी कार्डे भिजली असती.

तिने कार्ड पालथे धरून पाक सार्विदींच्या हातात दिले. त्यांनी ते उलटे करताना नावावर अंगठा ठेवला. आकडा वाचला आणि गुडघ्यावर बसून खालून दुसऱ्या ओळीचा सातवा खण ओढला. तो अडला नाही. इतकी वर्षे मी तेवढ्यासाठीच तर जपला होता. ठोकळा मेणात जसाच्या तसा होता.

"आहे," ते म्हणाले.  त्यांनी लगेच काप काढले. एकही फाटला नाही.

शस्त्रक्रिया थांबवली. काप जाकार्ताला गेले. दोन आठवड्यांनी बू हेस्ती दोन दोन पायऱ्या उतरत खाली आल्या आणि त्यांनी माझ्या दारावर थाप मारली. गाठीत ती चूक होती. नेमकी तीच. वारासच्या गोळ्या सुरू झाल्या.

यापुढचे मी फुगवून सांगणार नाही. गोळ्यांनी अंगावर पुरळ आले, ताप आला, काही दिवस थांबवाव्या लागल्या. सहा महिन्यांनी गाठ आकसलेली दिसली. उजवा डोळा होता तिथे टिकला, थोडा सुधारलाही. डावा परत आला नाही. ते पाच आठवडे कुणालाच परत आणता आले नाहीत. अभ्यास अजून सुरू आहे. पुढे काय होईल ते बू हेस्तीही सांगत नाहीत, मी कोण सांगणार?

मग एका सकाळी, तपासणीआधी, वारास जिन्याखाली आली. तेरा वर्षांची, उंच, मान किंचित उजवीकडे वळवून बघणारी. मागे आई होती. पाक सार्विदी स्टुलावर बसून खणाच्या कड्या पुसत होते.

"पाक, हीच का ती म्हातारी?"

"हीच. आणि मी तो म्हातारा. नमस्कार आधी कुणाला करायचा ते तूच ठरव, न्दुक." न्दुक म्हणजे पोरी. ते सगळ्याच मुलींना तसे म्हणत.

वारासने माझ्या खणांवरून बोटे फिरवली. वरून खाली, खालून वर. "आई, त्या दिवशी तू हिला काय सांगितलंस?"

"काही नाही गं. मोठ्यांचं होतं."

"माझं जुनं नाव सांगितलंस."

कड्या पुसणारा फडका थांबला. बू लास्त्रीने पटकन इकडेतिकडे बघितले, जणू कुणीतरी ऐकेल. "कुणी सांगितलं तुला? कुणी?"

"म्बाहनेच. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. तुम्हाला सगळ्यांना वाटलं ती बरळतेय. मला जवळ घेतलं आणि त्या नावानं हाक मारली."

"मग? तू काय केलंस?"

"ओ दिली. म्हातारी माणसं हाक मारतात तर ओ द्यायला नको?"

"तीन वर्षं झाली, वारास! तीन वर्षं तुला माहीत होतं, आणि बोलली नाहीस?"

"तू घाबरतेस ना. म्हणून."

पाक सार्विदी हळूच म्हणाले, "न्दुक, आम्ही तेच नाव शोधत होतो. इथेच बसून. नऊ कार्डं घेऊन."

"मला काय माहीत?" ती म्हणाली. रागाने नाही, जसे आहे तसे. "मला तिकडे बाकावर बसवलं होतं. मला कुणी विचारलंच नाही."

 म्हणजे बघा, एकच नाव आम्ही तिघींनी तीन ठिकाणी जपले होते. आईने भीतीपोटी, पोरीने आईसाठी, मी लाकूड म्हणून. तिघी एकमेकींपासून दहा पावलांवर होतो, आणि प्रत्येकीला वाटत होते की आपण एकटीच आहोत. त्या दहा पावलांत एक डोळा गेला.

बू लास्त्रीने पोरीच्या डोक्यावरचा रुमाल कपाळावर नीट केला. मग तिने तिला त्या नावाने हाक मारली. हळूच, पण पूर्ण.

"ओ," वारास म्हणाली.

जिन्यावरून माणसे जात-येत होती. कुठे काही बिघडले नाही.

त्या नऊ कार्डांपैकी आठ अजून माझ्या वरच्या खणात वेगळी ठेवलेली आहेत. बू हेस्ती त्या मुलींच्या घरांचा शोध घेत आहेत, कारण त्यांचे कण तपासता आले तर पुढच्या मुलांसाठी जास्त काही कळेल. दोन घरे सापडली. एका मुलीचे वडील फक्त खण बघायला आले, उभे राहिले, सही करून गेले. त्यांची मुलगी आता नाही. बाकीच्या सहा घरांची मी वाट बघते. पाक सार्विदी येत्या वर्षी निवृत्त होतील. मग शुक्रवारी कोण येईल, ठाऊक नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुणाचे काही तुमच्याकडे जपायला ठेवलेले असेल, एखादा कागद, एखादे नाव, एखादा लहानसा कण, तर आज उपयोगाचे दिसत नाही म्हणून ते फेकू नका. आणि घरात कुणावर संकट आले की लहान मुलाला पुडी देऊन बाजूला बसवतात. बसवण्याआधी त्याच्याजवळ वाकून एकदा विचारा, तुला काय माहीत आहे? कदाचित ते काहीच सांगणार नाही. तरी विचारा. मी चाळीस वर्षे न बोलता उभी आहे. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या पोटात काय काय असते, ते मला ठाऊक आहे.